माळ्यावरच्या प्लेटा: लाखेच्या तबकड्या जपायच्या कशा, वाचायच्या कशा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची बांधणं चालूच आहे. माळा रिकामा करताना कधी कधी एखादी पत्र्याची ट्रंक निघते आणि ती एकट्याला हलत नाही. आत ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या असतात. मोठी माणसं त्यांना 'प्लेटा' म्हणतात. दहा इंची एक तबकडी साधारण २०० ते २५० ग्रॅमची, म्हणजे शंभर तबकड्यांचं वजनच २० ते २५ किलो झालं.

ट्रंक उघडली की दोन गोष्टी लगेच कराव्याशा वाटतात: ओल्या फडक्यानं पुसून काढणं आणि चावीच्या फोनोवर लावून बघणं. भरून न येणारं नुकसान याच पहिल्या तासात होतं.

त्यातलं एखादं गाणं आज इंटरनेटवर ऐकायला मिळतही असेल. पण ही ट्रंक कशी भरत गेली, ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मराठी नाट्यपद आणि कन्नड पद एकाच घरात शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. सीमाभागातलं एक घर काय ऐकत होतं, कुठल्या दुकानातून आणत होतं, कुठली बाजू झिजेपर्यंत ऐकत होतं, हे त्या ढिगात नोंदलेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नोंद, मग सफाई, आणि वाजवणं सगळ्यात शेवटी.

तबकडी कशाची असते

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी प्लास्टिकची नसते. तिच्यातलं बांधून धरणारं द्रव्य म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी, पार्सलावर सील करायला वापरतात तीच. पण लाखेचं प्रमाण कमीच असतं. बाकी सगळी भर असते: पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. एवढं कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मोबाइलची काच पुसायचं द्रव, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी, सेंट, यांतलं काहीही तबकडीला लागलं तर आवाज ज्यात कोरलेला असतो त्या खाचेच्या भिंती मऊ होऊन पुसल्या जातात. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांच्या, सफाईसाठी विकत मिळणाऱ्या द्रवांतही पुष्कळदा अल्कोहोल असतं. ते इथे चालत नाही.

लाख उष्णतेनं मऊ पडते. पत्र्याच्या छपराखाली, अथणी-रायबागकडच्या एप्रिलच्या उन्हात, आडवा ठेवलेला गठ्ठा बशीसारखा वाकतो. आणि लाख ठिसूळ असते. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडली तर तबकडी वाचत नाही.

दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असे. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच एक पिन एकाच बाजूला वापरायची, असं पिनांच्या डबीवर छापलेलं असे. घरोघरी तीच पिन दहा-दहा बाजूंना चालवली गेली. अशी पिन पुढे पटाशीसारखी धारदार होते आणि खाच खरवडते. काळ्या तबकडीवर राखाडी पट्टा दिसतो तो याचाच. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरून आवाज काढणारी डबी, पिनेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकतो. आजचा चांगला टर्नटेबल हेच काम तीन ते पाच ग्रॅममध्ये करतो. म्हणून हौसेनं फोनोवर वाजवायची झाली तर ज्यांच्या दोन-तीन प्रती आहेत अशाच तबकड्या घ्याव्यात, आणि दर बाजूला नवी पिन लावावी.

आधी नोंद

ट्रंकेतून तबकड्या काढण्यापूर्वी वरून एक फोटो घ्या. मग आहेत त्या क्रमानं एकेक बाहेर काढा आणि पाकिटावर टू-बी पेन्सिलीनं क्रमांक घाला. तबकडीवर किंवा लेबलवर काहीही लिहू नका, चिकटवू नका. जुनं तपकिरी पाकीट फाटकं असलं तरी टाकायचं नाही. त्यावर दुकानाचा रबरी शिक्का असतो, कधी मालकाची सही, कधी किंमत. लग्नाच्या आहेरात आलेली असेल तर तसंही लिहिलेलं सापडतं. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घेऊन ते वेगळ्या फाइलमध्ये, त्याच क्रमांकानं ठेवा.

वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक बाजूला वेगळी ओळ द्या. कंपनीचं नाव, लेबलचा रंग, लेबलवरचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, छापलेला सगळा मजकूर, व्यास, चिरा आणि झीज. मजकूर छापला आहे तसाच उतरवायचा, चुकांसकट. लेबल रोमन, देवनागरी, कन्नड यांपैकी कुठल्याही लिपीत असू शकतं आणि गायिकेचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी येतं. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी हुबळी' या नावानं निघाल्या होत्या. नोंद करणाऱ्यानं परस्पर 'गंगूबाई' लिहून टाकलं तर पुढे शोधणाऱ्याला ते लेबल सापडत नाही. म्हणून दोन रकाने: एक छापील नावाचा, एक आज रूढ असलेल्या नावाचा. गोहरबाई कर्नाटकी तेव्हाच्या विजापूर (आता बागलकोट) जिल्ह्यातल्या बिळगीच्या, आणि मराठी नाट्यपदं गायल्या. त्यांना मराठीच्या कप्प्यात घालायचं की कन्नडच्या, हा प्रश्न तक्ता बनवताना पडतोच. भाषा गाण्याची लिहायची, माणसाची नाही.

मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे काय, ते नीट समजून घेणं गरजेचं आहे. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा असतो, मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा. गाणं मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई, तिच्यावरून धातूचा साचा बने, आणि त्या चकतीचा क्रमांक साच्यातून प्रत्येक तबकडीवर उतरे. शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत तो असतो, काही तबकड्यांवर लेबलच्या कागदाखाली उमटलेला. वाचायचा असा: खोलीत अंधार करा, टॉर्च तबकडीच्या जवळजवळ समांतर धरा आणि तबकडी सावकाश फिरवा. आधी काहीच दिसत नाही. मग एका कोनात आकडे अचानक सावली टाकून उभे राहतात. शेवटी एखादा छोटा आकडा किंवा अक्षर असेल तर तेही उतरवा. एकच पद दोनदा गाऊन घेतलं असेल तर हाच बारीक फरक सांगतो की तुमच्या हातातली गायकी दुसऱ्या संग्रहातल्या तबकडीहून वेगळी आहे. एचएमव्हीच्या तबकडीवर आकड्यानंतर छोटा त्रिकोण दिसला तर ते मायक्रोफोनवर, वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीनं केलेलं मुद्रण. ही पद्धत १९२५ मध्ये आली. चौकोन असेल तर त्यानंतरची, कंपनीची स्वतःची विद्युत पद्धत. काहीच खूण नसेल आणि आवाज कर्ण्यातून आल्यासारखा अरुंद असेल तर बहुधा त्याआधीचं, म्हणजे गायकानं भोंग्यात तोंड घालून गायलेलं.

ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी (एचएमव्ही हा पुढे तिचाच छाप) कलकत्त्यात पहिली मुद्रणं केली नोव्हेंबर १९०२ मध्ये. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना सुरू होईपर्यंत तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून गायक गाणं संपताच स्वतःचं नाव सांगत. पुढे गरज उरली नाही तरी ही रीत काही काळ टिकली. तबकडीची संगणकावर नक्कल करताना हे शेवटचे दोन शब्द 'गोंगाट' म्हणून कापले जातात. ते कापू नका.

सफाई

पावसाळ्यानंतर उघडलेल्या ट्रंकेत पांढरट-हिरवट बुरशी असण्याची शक्यता मोठी. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात तर हे धरूनच चाला. बुरशी पाकिटाचा कागद, लेबलची खळ आणि बोटांचं तेल यांवर वाढते आणि तिथून खाचेत शिरते. असं दिसलं की ट्रंक घराबाहेर, सावलीत आणि वाऱ्यात न्या. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, मग मऊ ब्रशनं झाडा. ओली बुरशी पुसली तर ती पसरते. उन्हात मात्र ठेवायचं नाही.

मग एकेक तबकडी तपासा. केसासारखी चीर, कडेला थर सुटलेला, किंवा फुटलेल्या कडेतून आत पुठ्ठा-कागद दिसत असेल तर ती धुवायची नाही. काही कंपन्या आत कागद घालून थर चिकटवत. त्यात पाणी शिरलं की गाभा फुगतो आणि वरचा पापुद्रा उडतो. आत चकचकीत धातू दिसला तर ती लाखेची तबकडी नव्हेच. ती स्टुडिओत थेट कोरलेली, बहुधा एकुलती एक प्रत असते. तिला हात न लावता जाणकाराकडे न्यावी.

बाकीच्या धुता येतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात रंग-वास नसलेल्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. फेस दिसता कामा नये. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षार खाचेतच राहतात आणि नक्कल करताना तडतड ऐकू येते. लेबल कोरडं राहावं म्हणून त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्या दोन प्लास्टिकच्या चकत्या घ्या, आतून रबराचं कडं चिकटवा आणि मधल्या भोकातून नटबोल्टनं हलकेच आवळा. मऊ रंगाच्या ब्रशनं खाचेच्या दिशेनं, गोलाकार फिरवा. आडवा ब्रश मारला तर मळ एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जातो. साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा खंगाळा, धागे न सुटणाऱ्या कापडानं टिपा, भांडी निथळायच्या जाळीत उभी ठेवून सावलीत रात्रभर वाळू द्या. पाण्यात भिजत घालणं टाळा. तबकडी पाण्यात काही मिनिटांच्या वर राहू नये.

वेग आणि सा

संग्रहाचा अभ्यास करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत वेगात होते. '७८' हा आकडा नंतर ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुद्रणाचं यंत्र वजनावर चालायचं आणि मिनिटाला सत्तरच्या आसपास ते ऐंशीच्या वर, कुठल्याही वेगानं तबकडी कोरली जायची. आज ती सरसकट ७८ वर फिरवली तर गायकाचा सूर बदलतो.

किती बदलतो ते पेटीच्या भाषेत बघू. एका पट्टीचा फरक, म्हणजे पांढरी एक ते काळी एक, हा कंपनसंख्येत जवळपास सहा टक्के असतो. ७८ चे सहा टक्के म्हणजे सुमारे साडेचार फेऱ्या. मुद्रण ७३.६ वर झालं असेल आणि तुम्ही ७८ वर वाजवलंत, तर पांढरी एकमध्ये गायलेला गायक काळी एकमध्ये ऐकू येतो. लयही चढते. मुळात २१२ सेकंदांचं गाणं २०० सेकंदांत संपतं. तान प्रत्यक्षात होती त्याहून चपळ वाटते, आवाज बारीक आणि तरुण वाटतो. अशा नकलेवरून 'त्या काळी सगळे उंच पट्टीत गायचे' असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याचं अर्धं श्रेय टर्नटेबलच्या मोटरला जातं.

खरा वेग शोधायला एकच पुरावा पुरत नाही. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर सा लगेच सापडतो, पण त्या काळची पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या मापात लावलेली होती असं धरता येत नाही. म्हणून एकाच गायकाच्या, लागोपाठ मॅट्रिक्स क्रमांक असलेल्या तीन-चार बाजू एकत्र घ्या. त्या बहुधा एकाच बैठकीतल्या असतात आणि गायकाची पट्टी तीच असते. सगळ्यांचा सा एका पट्टीवर आला पाहिजे. एखाद्याचा येत नसेल तर त्या बाजूचा वेग वेगळा आहे. मग त्याच बाजूचा पहिल्या ओळीतला सा आणि शेवटच्या तिहाईनंतरचा सा तपासा. हळूहळू चढत किंवा उतरत गेला असेल तर मुद्रण चालू असतानाच यंत्राचा वेग सरकला होता.

हे काम बेळगाव-धारवाड पट्ट्यात करणं सोयीचं आहे. इथे कानानं पट्टी सांगणारे पेटीवाले आणि गाणारे अजून आहेत, आणि अनेक जुन्या गायकांची पट्टी शिष्यपरंपरेनं माहीत आहे. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन कंपनीसाठी आणि पुन्हा १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी गाणी दिली. मधल्या काळात आवाज आणि वेग दोन्ही बदलले. त्यातलं काय वयामुळे आणि काय यंत्रामुळे, हे पट्टी ठरवल्याशिवाय बोलताच येत नाही.

टर्नटेबलचा वेग तपासायला पट्ट्या असलेली कागदी चकती मिळते, किंवा छापूनही घेता येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो. ७७ पट्ट्यांची चकती त्या उजेडात स्थिर दिसली की वेग ७७.९२ आहे. अमेरिकी चकतीवर ९२ पट्ट्या असतात, ती इथे चालत नाही. आणखी एक अडचण: चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा लुकलुकतच नाही, त्यामुळे पट्ट्या कधीच थांबत नाहीत. जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा वायरमनच्या टेस्टरमधला छोटा निऑन दिवा वापरा.

नक्कल करताना

लाखेच्या तबकडीची खाच एलपीपेक्षा दुपटीहून रुंद असते. एलपीचा स्टायलस (टर्नटेबलची सुई) तिच्या तळाशी, कचऱ्यात घासत जातो आणि नुसती खरखर देतो. ७८ साठीचा, साधारण तीन मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्टायलस लागतो. खाच एका उंचीवर झिजली असेल तर थोडा जाड किंवा बारीक स्टायलस न झिजलेल्या उंचीवर टेकतो आणि आवाज अचानक स्वच्छ येतो. म्हणून दोन-तीन मापांचे जवळ असलेले बरे.

साधा फोनो अॅम्प्लिफायर १९५० च्या दशकातल्या एलपीच्या मापानं वरचे स्वर दाबतो. जुन्या तबकड्यांवर ते तितके उचललेलेच नसतात, त्यामुळे आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. शक्य असेल तर कुठलीही दुरुस्ती न करता सपाट नक्कल घ्या आणि सुधारणा दुसऱ्या फाइलवर करा. तबकडी मोनो असली तरी दोन्ही वाहिन्या नोंदवा, कारण खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते आणि नंतर चांगली निवडता येते. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेची किमान शिफारस ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे. ९६ किलोहर्ट्झ उत्तम. त्या मापानं एका मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात, साडेतीन मिनिटांच्या बाजूला १२० च्या आसपास. पाचशे तबकड्यांना १२० जीबी. वेव्ह फाइल ठेवा, एमपी३ फक्त ऐकायला-पाठवायला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात.

ठेवणं

उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, पण तिरक्या नाही. दर दहा-पंधरा सेंटिमीटरला घट्ट आडोसा. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकता. खोलीत साधं आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के उत्तम. बेळगावच्या जुलैत ते जमत नाही, तेव्हा ६० च्या आत राहिलं तरी पुष्कळ. त्यावर गेलं की पंखा चालू, कपाट उघडं. बंद ट्रंकेत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर रंग बदलल्यावर त्या काढून वाळवाव्या लागतात, नाहीतर त्या नावापुरत्याच. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांनी बुरशी थांबत नाही आणि वाफ तबकडीवर बसते. कडुलिंबाचा पाला सुकून त्याचा चुरा खाचेत जातो.

फुटलेली तबकडी फेव्हिकॉलनं किंवा सेलोटेपनं जोडू नका. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळून आडव्या डब्यात ठेवा, बारीक कपचीसुद्धा. खाचेचे सूक्ष्म फोटो घेऊन, पिन न लावता आवाज काढण्याची पद्धत कार्ल हेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेत विकसित केली आहे. तिच्यासाठी तुकडे जसेच्या तसे हवे असतात, डिंक लागलेली कड तिथे वाया जाते.

संग्रह घरात ठेवणं शक्य नसेल तर तो फोडून देऊ नका. 'चांगल्या' पन्नास एकाला आणि बाकी भंगारात, असं झालं की ट्रंक म्हणून तिला जो अर्थ होता तो संपतो. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्या जपण्याचं काम करते. १९३५ ते १९५५ या काळातल्या मुंबईच्या 'यंग इंडिया' कंपनीच्या तबकड्यांचं डिजिटायझेशन ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं तिनंच केलं. देताना तक्ता, पाकिटं, फोटो आणि फाइली सोबत द्या, आणि तक्त्याची एक प्रत गावातल्या वाचनालयातही ठेवा.

फाइल इंटरनेटवर टाकण्याआधी सालाकडे बघा. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९६० मध्ये निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. कवी आणि संगीतकाराचा हक्क मात्र वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. तबकडीवर बहुधा साल छापलेलं नसतं. ते लेबलच्या क्रमांकावरून, कंपन्यांच्या जुन्या याद्यांवरून काढावं लागतं, आणि त्यासाठी पहिल्या दिवशी टॉर्च तिरपा धरून उतरवलेला मॅट्रिक्स क्रमांकही कामी येतो.